चार बोटांची फट

ओळंबाकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. गवंडीकामात जन्म गेला. खिशात कायम ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारं. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत भिंतीवरचे फोटो सरळ करून टाकायचे. एकदा दाढ ठणकत होती, जीव नकोसा झालेला, तरी दातांच्या डॉक्टरला खुर्चीतून म्हणाले, "तुमची खिडकी उजवीकडे कललीय." काकू म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझा चेहरा नाही पाहिला. मी सरळ उभी राहते का, तेवढं पाहिलं."

माणूसही तसाच. नाकासमोर चालणारा. अमुक भिंत पक्की आहे असं त्यांनी लिहून दिलं की नगरपालिकेत दुसऱ्या सहीची वाट कोणी बघत नसे.

चौकातलं स्मारक त्यांच्या हातचं आहे.

लढाई संपली तेव्हा एवढ्याशा गावातली एक्केचाळीस मुलं परत आली नव्हती. देहही आले नाहीत. आल्या त्या याद्या. दर गुरुवारी चार वाजता नगरपालिकेच्या फळ्यावर यादी लागायची, आणि वर एकच शब्द असायचा. बेपत्ता.

स्मारक करायचं ठरलं तेव्हा आधी सैनिकाचा पुतळा निघाला. पण चेहरा कोणाच्या मुलाचा द्यायचा यावर गाडं अडलं. मग दार ठरलं. नुसतं दार. पुढं घर नाही, मागं घर नाही. दगडी चौकट, दगडी फळी, चौकाच्या मधोमध. मग फळी उघडी की बंद, यावर पुन्हा दोन महिने वाद. बंद दार म्हणजे सगळं संपलं. सताड उघडं दार म्हणजे पोरं येणारच. दोन्ही म्हणायला कोणाची जीभ रेटेना. शेवटी बैठकीत कोपऱ्यात बसलेली इस्त्रीवाली उठली. तिचा एकुलता एक त्या यादीत होता. ती म्हणाली, "पोर उशिरा येणार असलं की आपण दार कसं ठेवतो? किलकिलं. तसं ठेवा."

तसं ठेवलं. चार बोटांची फट. बाईचा हात जाईल एवढी.

कडी पुढच्या अंगाला नाही, मागच्या अंगाला कोरली आहे. उघडायचं की नाही ते त्या पोरांच्या हाती. उंबरठा मुद्दाम खरबरीत ठेवला, कारण तो कोणाच्या पायांनी गुळगुळीत व्हायचा नव्हता. नावं चौकटीवर आहेत, वयानं लावलेली. मोठे वर, लहान खाली. सगळ्यात धाकटी नावं वाचायला खाली बसावं लागतं. डाव्या खांबावर गुडघ्याच्या उंचीला काकांच्या भाच्याचं नाव आहे. ते काकांनी स्वतः कोरलं. बसून.

दारामागची जागा त्यांची. तिथं साखळी आहे आणि आत पांढरी खडी पसरली आहे. तिकडं कोणी जात नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही, कोणी मोडलेलाही नाही. माळीसुद्धा साखळीबाहेर उभा राहून लांब दांड्याच्या दाताळ्यानं खडी सारखी करतो.

स्मारक झालं आणि आयांना जायला जागा मिळाली. यादीचा वार गुरुवार, यादीची वेळ चार. दर गुरुवारी चार वाजता त्या रांगेनं यायच्या, फटीत मनगटापर्यंत हात घालायच्या, क्षणभर थांबायच्या, निघून जायच्या. पहिल्या वर्षी एकोणचाळीस होत्या, कारण दोघी स्मारक व्हायच्या आधीच गेल्या. मग सदतीस. मग तीस. पंचवीस वर्षांनी एकच उरली. ती काकांची थोरली बहीण.

*

नगरपालिकेत नवी इंजिनीअर आली होती. हुशार मुलगी. तिनं स्मारकाचा जुना नकाशा काढला, टेप लावली आणि काकांना बोलावणं धाडलं.

"काका, नकाशात फट तीन इंच आहे. मी मोजली. सव्वाचार भरली."

"मोजताना चुकलं असेल."

"तीनदा मोजली. फळी सरकतेय. उद्या कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?"

"माझी फळी सरकायची नाही, मॅडम. शिसं ओतून बसवलीय."

"पंचवीस वर्षं झाली. शिसंही म्हातारं होतं."

"मी होईन. शिसं नाही."

ती हसली, पण काम सोडलं नाही. दोन-अडीच महिन्यांनी पंचविसावं वर्ष होतं, मोठी माणसं यायची होती. आधी कारण शोधा, म्हणाली, मग ती फट बुजवून टाका. तिथं कोणाचा हातच जायला नको.

काकांनी आपली जुनी रीत लावली. खिडकीच्या काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. चौकटीचे सांधे होते त्या प्रत्येक ठिकाणी एकेक पट्टी दोन्ही दगडांवर टेकवून प्लास्टरनं चिकटवली. दगड केसभर हलला तरी काच तडकते. काचेला मुलाहिजा नसतो. सहा पट्ट्या लावल्या आणि सहा आठवडे रोज सकाळी बघून आले.

एकही तडकली नाही.

म्हणजे फळी जागची हलली नव्हती. मग फट वाढली कशी? दगड झिजला असणार. पुढच्या कडेला खळगा होताच, तो सगळ्यांना माहीत होता. काकांच्या छातीच्या उंचीला, आयांच्या हातांनी पडलेला. मऊ दगड, पंचवीस वर्षांचे गुरुवार. काकांनी खळगा मोजला. पाऊण इंच. अर्धा इंच कुठं गेला त्याचा पत्ता लागेना.

ते शोधायचं तर मागच्या बाजूला जाणं भाग होतं.

सोमवारी भर दुपारी ते गेले. माळी पाणी घालत होता. काकांनी त्याला सांगितलं, मी साखळीच्या आत जातोय, कामाचं आहे. माळ्यानं नळ बंद केला.

"मी पाहिलं नाही, काका. मी चहाला गेलोय."

आणि तो खरंच गेला.

काकांनी साखळी ओलांडली. पायाखाली खडी करकरली. तेवढाच आवाज. समोरच्या दुकानांचा, गाड्यांचा आवाज दारापलीकडं राहिल्यासारखा झाला. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. फळीच्या मागच्या अंगावर त्यांनी स्वतः कोरलेली कडी होती, पंचवीस वर्षांत न पाहिलेली. छिन्नीच्या खुणा कालच्यासारख्या टवटवीत. ते फटीपाशी वाकले.

मागच्या कडेलाही खळगा होता. अर्धा इंच.

तो पुढच्या खळग्याच्या समोर नव्हता. वीतभर वर होता. उंच माणसाचा हात सहज टेकेल तिथं. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. जुन्या जिन्याच्या कठड्यासारखा तुकतुकीत. किंचित तेलकट. माणसांचे हात लागून लागून लाकूड जसं होतं, तसा दगड झाला होता.

काकांनी खाली पाहिलं. खडीवर दाताळ्याच्या सरळ रेघा होत्या आणि त्यांच्या एकट्याच्या पावलांनी त्या मोडल्या होत्या. दुसरं पाऊल नव्हतं.

पाऊण आणि अर्धा, सव्वा. माप तंतोतंत जुळलं. आयुष्यात पहिल्यांदा माप जुळलं म्हणून काका दोन पावलं मागं सरले.

*

ताईचं घर दोन खोल्यांचं. नवरा लवकर गेला, मुलगा मामाच्या खांद्यावर बसून मोठा झाला. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो आहे. तो वाकडा आहे, आणि एवढा एकच फोटो काकांनी कधी सरळ केला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी पोरानं तो स्वतः टांगला होता.

ताई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. काकांनी आडवळणानं सुरुवात केली. नगरपालिका, नकाशा, इंजिनीअर. ताईनं दोरा तोडला.

"बुजवणार आहेस का?"

"सांगितलंय तसं."

"कधी?"

"या शुक्रवारी."

ताईनं अभ्रा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तू मागं जाऊन आलास ना? चेहऱ्यावर दिसतंय."

काकांनी खिशातला ओळंबा चाचपला.

"मग आता ऐक. मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची सवय आहे." तिनं सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "इस्त्रीवाली गेली त्याला पंधरा वर्षं झाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी हात घातला, तर पलीकडून कोणीतरी धरला."

"ताई."

"म्हटलं ना, मधे बोलू नकोस. मला वाटलं, माझाच. आनंदानं मरायचीच काय ती बाकी होते. मग तळवा लागला. मधोमध भाजल्याचा चट्टा. इस्त्रीवालीच्या पोरानं लहानपणी तापलेल्या इस्त्रीवर हात ठेवला होता. अख्ख्या आळीनं ऐकला होता त्याचा टाहो. तोच हात."

ती कामाच्या बाईबद्दल बोलावं तशी बोलत होती.

"मग एकेक जण येत गेला, आधी गेलेल्या बायकांचेही. एखादी बाई गेली की पुढच्या गुरुवारी तिचा मुलगा दाराशी. आई इकडं आहे तोवर पोर येत नाही. आई गेली की येतं. बहुतेक त्यांना वाटत असेल, आता इकडं आपलं कोणी धरायला नाही. मी धरते. एकेकाचा. घाई केलेली त्यांना चालत नाही."

"किती येतात?"

"चाळीस."

काकांनी वाकड्या फोटोकडं पाहिलं. "आणि आपला?"

"मी अजून इकडं आहे ना." ताईनं सुई पुन्हा हातात घेतली. "म्हणून म्हणते. मी आता किती दिवसांची सोबती, तुला दिसतंय. मी गेले की पोर दाराशी येईल. आणि तू फट बुजवून ठेवलेली असशील. मग त्यानं काय करायचं? तिथंच उभं राहायचं?"

काका उठले. घरी येऊन काकूंना म्हणाले, "ताईचं डोकं चालेनासं झालंय." काकू म्हणाल्या, "तुमचं काय चाललंय मग? चपला उलट्या घालून आलात."

*

काकांनी ठरवलं, एकदा डोळ्यांनी बघू. गुरुवारी ताई पुढून हात घालेल, आपण मागं उभं राहायचं. काही नाही हे दिसेल. मग शुक्रवारी मोकळ्या मनानं फट बुजवू.

पावणेचारला ते साखळी ओलांडून फळीच्या आडोशाला उभे राहिले. भिंतीला पाठ लावून लपणारं पोर असतं तसे. स्वतःचंच त्यांना हसू आलं. या वयात, या दारामागं, बहिणीवर पाळत.

चार वाजता पायऱ्यांवर ताईची काठी वाजली. मग फटीतून तिचा हात आला.

काका अगदी जवळून बघत होते. हात म्हातारा, शिरा वर आलेल्या, अंगठ्यावर सुई टोचल्याची ताजी खूण. तो वर सरकला, मागच्या खळग्यापाशी थांबला. तळवा उघडला. मग तिची बोटं मिटली, पण पूर्ण मिटली नाहीत. मधे काहीतरी असल्यासारखी अर्ध्यावर अडली.

आणि तिच्या हाताच्या पाठीवर चार ठिकाणी कातडी आत दबली. दबलेल्या जागा पांढऱ्या पडल्या. कोणी घट्ट धरल्यावर पडतात तशा.



पलीकडून ताईचा आवाज येत होता, हळू, घरातला. "हो रे. आलेय. बरं आहे सगळं." पांढरे ठिपके गेले, कातडी पुन्हा लाल झाली. हात तसाच उघडा. मग पुन्हा बोटं अडली, पुन्हा ठिपके उठले, पण वेगळ्या जागी. हा पंजा मोठा होता. "तुझ्या बहिणीला मुलगी झाली. तुझ्यासारखं नाक आहे, काय करणार." त्यानंतरचा लहान. "सोड आता, मागं बाकीचे आहेत. पुढच्या गुरुवारी येतेच आहे मी."

काका मोजत होते. मोजणं त्यांच्या हाडात होतं. दहा झाले, वीस झाले. त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, खडीवर एक रेघही मोडत नव्हती. चाळीस झाले.

हात तरीही बाहेर गेला नाही. उघडाच राहिला. काही धरायला नव्हतं, पांढरे ठिपके नव्हते. नुसता तळवा, आणि वाट बघणं.

काकांच्या मनात आलं, आपण द्यावा आपला हात. एकदाच. तिला कळणार नाही. त्यांनी हात उचललासुद्धा. मग खाली घेतला. त्यांच्यानं ते होईना.

"कोण आहे तिथं?" ताईचा आवाज एकदम बदलला.

काका दगडासारखे उभे.

"सगळे झाले माझे. मग श्वास कोणाचा ऐकू येतोय? तिकडचे श्वास घेत नाहीत." तिची काठी दगडावर आपटली. "बाबू, तू आहेस ना? निघ तिथून. आधी निघ."

लहानपणी विहिरीच्या काठावर वाकल्यावर ती असं ओरडायची. पासष्ट वर्षांचे काका साखळीत पाय अडकवत, धडपडत बाहेर आले. ताईनं त्यांचं मनगट धरलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. वाटेत एकदाच बोलली.

"तुझा हात गार पडलाय. पुन्हा तिकडं उभा राहू नकोस. हात घालायचा तो इकडून."

*

शुक्रवारी काका नगरपालिकेत गेले. टेबलाशी बसून त्यांनी आपल्या वळणदार, सरळ अक्षरात लिहून दिलं. फळी भक्कम आहे. फट चौकटीच्या जोत्यातली ओल बाहेर टाकते, ती बुजवल्यास ओल आत कोंडून दगड भंगेल. फट आहे तशी ठेवावी. खाली सही.

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. पुढची सगळी शुद्ध थाप. असं काही नसतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते पकडेल.

इंजिनीअरनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तिनं मान वर करून काकांकडं पाहिलं.

"काका, हे असं कुठं वाचलेलं नाही मी."

"वाचून नाही कळत, मॅडम."

"तुम्ही लिहून देताय."

"देतोय."

ती थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मग तिनं शेरा मारला, मान्य, आणि कागद फाईलला लावला. काकांनी लिहिलंय म्हटल्यावर वर कोणी विचारणार नव्हतं. काका जिन्यावरून उतरताना दर पायरीला कठडा धरत होते. काकूंना म्हणाले, "आज मी वाकडं काम केलं." काकूंनी विचारलं, "पडणार तर नाही ना?" काका म्हणाले, "नाही. वाकडं आहे, पण पडणार नाही."

पंचविसाव्या वर्षाला मोठी माणसं आली, फुलं वाहिली, भाषणं झाली. दाराच्या पुढच्या बाजूला.

ताई थंडीत गेली. मंगळवारी, झोपेत. चेहरा शांत होता, नुसता उजवा हात अंथरुणाबाहेर पडलेला, तळवा उघडा. काकांनी तो आत घेतला.

मधे बुधवार गेला. गुरुवारी काकांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. काकूंनी विचारलं, कुठं? ते म्हणाले, ताईचं काम आहे, चार वाजता. काकू सोबत येते म्हणाल्या. ते नको म्हणाले.

साडेचार झाले. पाच झाले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सहाला काका गल्लीच्या तोंडाशी दिसले. चालणं नेहमीसारखंच, नाकासमोर, पण उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता, दुखावलेलं पाखरू धरावं तसा.

काकूंनी हात हातात घेतला. बर्फ होता. हाताच्या पाठीवर सगळीकडं बोटांचे वळ, एकावर एक. काकूंनी पाणी गरम केलं, घमेल्यात ओतलं, हात त्यात ठेवला. काही विचारलं नाही. ताईनं मरायच्या आधी त्यांनाही सगळं सांगितलं होतं.

पाणी कोमट झालं तेव्हा काकूंनी विचारलं. "आला?"

काकांनी होकाराची मान हलवली.

"मग एवढा उशीर?"

"रांगेत शेवटी उभा होता," काका म्हणाले. "बाकीच्यांना आधी जाऊ दिलं त्यानं."